कौतिक अक्का आणि गावचा जावई

कौतिक अक्काला मी आधी ऐकलं, पाहिलं मग दोन तासांनी. एरंडोलपासून दहा-बारा किलोमीटर आत असलेल्या त्या गावच्या शाळेत रुजू होऊन मला तिसरा दिवस होता. चौथीच्या वर्गाला जिल्ह्याचा नकाशा दाखवत होते. तेवढ्यात शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "हिनी माय कोन?"

कोणी पुरुष काहीतरी पुटपुटला.

"आरे, तुनी माय नही इचारस मी. बकरीनी माय इचारस. ती कोन व्हती ते सांग, मंग जावईकडे लई जा."

मुलं पुस्तकांत तोंडं खुपसून हसायला लागली. काय भांडण चाललंय, असं मी विचारलं तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि परगावच्या माणसाला रस्ता सांगावा तशा शांतपणे म्हणाली, "भांडण नही मॅडम. अक्काकडे लोक बकऱ्या लई येतस. तठे जावई शे ना." मी समजले, अक्काचा जावई जनावरांचा डॉक्टर असणार.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढायला एक उंच, काटक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, हातात पितळी डाव. आवाजावरून मी ओळखलं. ओळख वाढवावी म्हणून विचारलं, "तुमचे जावई इथंच असतात का?" तिनं डाव पातेल्यात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. मुलांचं खाणं आटोपल्यावर ती मला शाळेच्या मागे घेऊन गेली. कडुलिंबाखाली एक भलामोठा पांढरा बोकड रवंथ करत बसला होता. छातीपर्यंत दाढी, कान खांद्यावर लोळणारे, नजर अशी की आपणच त्याच्या दारी काही मागायला आलोय.

"हाऊ मना जावई," अक्का म्हणाली. "गावन्या बठ्ठ्या बकऱ्यास्ना नवरा." गावातल्या सगळ्या बकऱ्यांचा, एकटा.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, जळगावात मेहरूणला वाढलेली. शेळी दूध देते आणि बोकड खाटकाकडे जातो, एवढंच माझं ज्ञान. मी खाली पाहिलं. अक्कानंही खाली पाहिलं, माझ्या पायांकडे. म्हणाली, "ताई, तुमनी डावी चप्पल आतून झिजेल शे. कंबर दुखत व्हई." कंबर दुखत होती. समोरचा माणूस असो की जनावर, ती आधी पाय बघायची. तोंड नंतर. एखाद्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी आत जाण्याआधी दावणीला काय बांधलंय ते पाहून यायची, आणि घरच्या बाईला नमस्काराच्या आधी सांगायची की तुमच्या वासरीचा उजवा मागचा खूर वाढलाय.

शाळेत ती पोषण आहार शिजवायची आणि उरलेला सगळा दिवस बकऱ्यांचा. तिच्या स्वतःच्या चौदा-पंधरा असतील. त्याहून मोठा कारभार त्या जावयाचा होता. आसपासच्या चार गावांतून लोक माजावर आलेली बकरी दोरीनं ओढत तिच्या दारी आणायचे. बाप्ये लाजायचे, आडून आडून बोलायचे. "अक्का, जरा बकरीचं काम होतं," असं म्हणून आभाळाकडे पाहायचे. अक्काला ही लाज अजिबात पटत नसे. "कवा आली माजावर? शेपूट हलावस का? कालदिन चारा खादा का?" असे प्रश्न ती भर रस्त्यात, शाळेच्या पटांगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची. आमचे मुख्याध्यापक तेवढ्यात खिडकी लावून घ्यायचे. मी पहिले सहा महिने त्यांना मदत केली. पुढं खिडकी उघडी ठेवायला लागले, कारण अक्काच्या बोलण्यात वावगं काही नसायचं. बाई कणीक भिजवण्याबद्दल बोलतात तसं ती बोलायची.

आणि तिचा पहिला प्रश्न तोच. हिची माय कोण.

तिला लिहिता यायचं, पण बकऱ्यांचं नातंगोतं तिनं कधी लिहून ठेवलं नाही. सगळं तोंडपाठ. कोणाची बकरी कोणाची बहीण, कोणाची मावशी, कोणाच्या आजीला दोन पिल्लं व्हायची आणि कोणाच्या आजीची कास उन्हाळ्यात आटायची. लग्न जमवताना बायका जशी सोयरीक उलगडत नेतात, तशी ती बकऱ्यांची उलगडायची. आणि नात्यातली बकरी जावयाकडे जाऊ द्यायची नाही.

गावात भिकन भाऊ म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. पंचायतीत चार माणसं त्यांच्या शब्दावर हात वर करायची. एकदा ते स्वतः एक तपकिरी, डौलदार बकरी घेऊन आले. अक्कानं बकरीकडे एकदाच पाहिलं.

"भाऊ, ही जावईनीच पोर शे. चालाव नही."

"ढोरमां कसानं नातं अक्का?" भाऊ हसले.

"तिले नही शे, माले शे. लंगडं करडू व्हयनं तर दोन वरीस तुम्हीच सांगशात, अक्काना बोकड खराब."

भाऊ तोंड पाडून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सालदाराची बायको एक बकरी घेऊन आली. ही बकरी काळपट होती, निदान पाठीवर तरी. म्हणे पारोळ्याच्या बाजारातून आणली. अक्का तेव्हा खिचडीचं पातेलं घासत होती. तिनं मान वर केली नाही. बकरी एकदा ओरडली आणि अक्का तिकडे न बघताच म्हणाली, "भाऊले सांग, रंग पक्का शे पन आवाज कालनाच शे."

सगळं गाव आठवडाभर हसत होतं. भाऊ मात्र अक्काशी बोलेनासे झाले. पंचायतीतून तिच्या लिंबाखालच्या दावणीबद्दल कुरकुर सुरू झाली, शाळेच्या भिंतीला लागून बोकड बांधणं बरं दिसत नाही वगैरे. एकवीस दिवसांनी, बकरीचा माज पुन्हा येण्याच्या सकाळी, अक्का भाऊंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बकरी सोडली आणि चार किलोमीटरवरच्या गावी दुसऱ्याच्या बोकडाकडे स्वतः पायी घेऊन गेली. दुपारी परत आणून बांधली. पाच महिन्यांनी त्या बकरीला दोन माद्या झाल्या, त्यांना तिकडे पाट म्हणतात. भाऊ स्वतः चिकाचा खरवस घेऊन तिच्या दारी आले. दावणीचा विषय पंचायतीत पुन्हा निघाला नाही.

अक्काचे यजमान सुपडू आबा. जिनिंगमध्ये कामाला जायचे, हंगाम नसेल तेव्हा बकऱ्या चारायचे. अबोल माणूस. त्यांचा एक अभिमान होता: बकरीचं दूध आपण आयुष्यात तोंडाला लावलेलं नाही, त्याचा वास येतो. आपल्याला म्हशीच्या दुधाचाच चहा लागतो. गंमत अशी की त्या घरात म्हैस कधीच नव्हती. अक्का बोकडाला दूध काढायच्या जागेपासून लांब, वारा उलट्या बाजूनं वाहील अशा ठिकाणी बांधायची. दूध काढण्याआधी हात धुवायची, कास पुसायची, आणि दूध लगेच चुलीवर. त्यामुळं वास येत नसे. आबा मला चहाचा कप देताना सांगायचे, "घ्या ताई, म्हैसना शे." आणि अक्का चुलीपाशी अंग हलवून आवाज न करता हसायची. लग्नाला तीस वर्षं झाली होती. आबांना माहीत नसेल, असं मला कधी वाटलं नाही.

मी तिथं गेल्याच्या दुसऱ्या वर्षी अक्कानं कुत्रा आणला. मोकाट कुत्र्यांची एक टोळी धरणाच्या बाजूनं यायला लागली होती, शिवारात दोन-तीन बकऱ्या फाडल्या होत्या. चरायला आलेल्या मेंढपाळांकडून अक्कानं दीड महिन्याचं एक पिल्लू मागून आणलं. भुऱ्या रंगाचं, मोठ्या पंजांचं. त्याला तिनं घरात घेतलंच नाही. सरळ बकऱ्यांच्या गोठ्यात सोडलं. तिथंच खाणं, तिथंच झोपणं. म्हाताऱ्या बकऱ्या त्याला शिंगानं ढकलायच्या, ते कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि कुंईकुंई करायचं. मला राहवेना. एक दिवस मी त्याला बिस्कीट दिलं आणि मानेखाली खाजवलं. अक्का माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचंच चिडली.

"ताई, माणसंनी गोडी लावू नको त्याले! तो तुना मांगे चालना तर मन्या बकऱ्यास्ले कोन?"

'तुम्ही'वरून 'तू'वर ती त्या दिवशी आली, आणि मग परत गेली नाही. त्याचं मला फार बरं वाटलं.

बकऱ्यांच्या घरी राहायला आलाय म्हणून कुत्र्याचं नाव पडलं पाव्हना. तो वाढला, बकऱ्यांबरोबर शिवारात जायला लागला. वर्षाचा झाला असेल, अशातच एका दुपारी आबा धावत शाळेत आले. पाव्हन्यानं एक करडू मारलं होतं. साधं करडू नव्हतं ते. अक्काच्या चांदी नावाच्या बकरीची ती पाट होती. चांदी दरवेळी जुळं द्यायची आणि उन्हाळ्यातही दुधावर असायची. तिची एक तरी लेक मागं ठेवावी म्हणून अक्का तीन वेतं वाट पाहत होती आणि दरवेळी बोकडच होत होते.

मीही अक्काच्या मागून गेले. अंगणात माणसं जमली होती. पाव्हना दोरीनं बांधलेला, शेपटी पायात. कोणी म्हणत होतं, तोंडाला रक्त लागलं, आता हा थांबायचा नाही. कोणी म्हणत होतं, सोडून या धरणापलीकडे. एक जण काठी घेऊनच आला होता. अक्का त्या मेलेल्या पाटीजवळ बसली. तिचं अंग, मान, पोट हातानं चाचपून पाहिलं. नुसती मान ओली होती, लाळेनं. दात कुठं लागलेला नव्हता.

"हिले खावाले नही मारं त्यानी," ती म्हणाली. "खेळाले लिधं. पयाडी पयाडी मारं." पळवून पळवून दमवलं होतं, म्हणजे.

"म्हंजे मारंच ना?" काठीवाला म्हणाला.

"एक वरीसनं पोर शे ते. त्याना हातमां तान्हं बाळ दीसन मी खिचडी शिजाडाले गयू. चूक मनी शे." मग उठून म्हणाली, "तुम्ही बठ्ठा घर जा."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडीत मीठ दोनदा पडलं, आणि मुलांनी ते निमूटपणे खाल्लं. पण कुत्र्याला तिनं मारलं नाही. ओढाळ गुरांच्या गळ्यात अडकवतात तसं एक हलकं लाकडी लोढणं तिनं त्याच्या गळ्यात बांधलं. चालता यायचं, पळायला लागला की लोढणं गुडघ्यांवर आपटायचं. करडं त्याच्यापासून वेगळी काढली आणि त्याला फक्त म्हाताऱ्या, खाष्ट बकऱ्यांत ठेवलं. त्या त्याचा एकही चाळा खपवून घ्यायच्या नाहीत. आणि त्याला एकट्याला शिवारात कधी सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी पाहायची, अक्का बांधावर बसलेली आणि पाव्हन्याकडे टक लावून. तो बकरीकडे नुसतं रोखून पाहायला लागला तरी ती घशातून एक आवाज काढायची, "अंहं." एवढंच. हात नाही, दगड नाही. चार-पाच महिने हेच. गावानं तिला वेड्यात काढलं होतं.

लोढणं काढून बरेच दिवस झाल्यावरची गोष्ट. दिवस मावळताना आबा बकऱ्या घेऊन आले. अक्कानं गोठ्याच्या दाराशी उभं राहून विचारलं, "पाव्हना कोठे शे?" आबा म्हणाले, येईल मागून. अक्कानं पायात चपला घातल्या. "तो नही उना म्हंजे एक बकरी कमी शे." आबांनी मोजल्या, खरोखरच एक कमी होती. मी तिच्या दारात गप्पा मारत बसले होते, म्हणून मीही निघाले. कपाशी उपटलेल्या एका शेतात, पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बकरी उभी होती. पायाशी नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं करडू. आणि त्यांच्यापासून दहा-बारा हात लांब पाव्हना बसला होता, त्यांच्याकडे पाठ करून, तोंड धरणाच्या दिशेला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर घरातलं शहाणं माणूस बसतं तसा.

अक्कानं करडू पदरात घेतलं. परत फिरताना तिनं पाव्हन्याच्या कपाळावर एकदा तळहात ठेवला. लगेच काढला. मी तिच्याकडे पाहत होते हे लक्षात येताच म्हणाली, "सांगू नको कोनले."

आता सांगतेय.

पुढच्या वर्षी अक्काच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला झालं. नंतर चार दिवस ती आमच्या मेहरूणच्या घरी राहिली. आमच्याकडे तेव्हा रॉकी होता, अल्सेशियन. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. ते त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि मोठ्या हौसेनं त्यांनी हे पिल्लू आणून वाढवलं होतं. फाटकाशी साखळीनं बांधलेला असायचा आणि दिवसभर भुंकायचा. पेपरवाल्याला एकदा चावलाही होता. नाना चारचौघांत तक्रार करायचे, पण सांगताना आवाजात कौतुकच असायचं. "राखणदार आहे, राखणदार."

अक्का आली, डोळ्याला पट्टी. रॉकीनं साखळी तुटेल असा हिसका दिला. अक्कानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर, साखळी पोचणार नाही एवढं अंतर ठेवून, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि आईजवळून मेथी मागून घेतली. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, पण एका डोळ्यानं मेथी निवडण्याला ती काम मानत नव्हती. दिवसभर तो भुंकला. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस भुंकला. ती रोज थोडी मागं सरकून बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आई मला हाक मारून बाहेर घेऊन आली. रॉकीनं हनुवटी अक्काच्या पदरावर टेकली होती आणि डोळे मिटले होते. अक्का मेथीच निवडत होती.

नाना थक्क झाले. "काय केलंत तुम्ही?"

"मी काय करं? बठनू." मग तिनं विचारलं, "नाना, ह्याले काम काय शे?"

"घर राखणं."

"फाटकले कुलूप शे ना. ह्याले काम काय?"

नानांनी फाटकाच्या कुलपाकडे पाहिलं.

"सकायना उठीसन काय करानं ते त्याले मालूम नही. म्हनीसन भुकस. काहीतरी काम द्या त्याले."

चौथ्या दिवशी अक्का गावी गेली. पाचव्या दिवशी पहाटे नाना रॉकीला घेऊन मेहरूण तलावाला फेरी मारायला निघाले. पहिले काही दिवस रॉकीनं त्यांना ओढत नेलं, मग ते दोघं बरोबर चालायला शिकले. येताना दूध केंद्रावरून पिशव्या आणायच्या. रिकामी पिशवी जाताना रॉकीच्या तोंडात, भरलेली येताना नानांच्या हातात. मेहरूणमध्ये नानांना नावानं ओळखणारी दहा माणसं असतील. 'पिशवीवाल्या कुत्र्याचे काका' म्हणून अख्खा तलाव ओळखायला लागला. आई म्हणायची, त्या बाईनं एका फेरीत दोघांना वळण लावलं.

जावई तोवर त्याच्या भरात होता. त्याची पिल्लं चारही गावांत उड्या मारत होती, वजनानं चांगली, पायानं मजबूत. लोक आता पारोळ्याकडूनही बकऱ्या आणायला लागले होते. आणि नेमका तेव्हाच अक्कानं सांगितलं, जावयाला देऊन टाकायचं.

मला पटेना. आबांनाही पटेना, आणि ते क्वचितच काही बोलायचे. "इतला चांगला बोकड! काबर?"

"त्यान्याच पोरी शेतस आते बठ्ठ्या. आठे कोनकडे जाई तो?" अक्का म्हणाली. "चांगला शे म्हनीसन तं दुसरा गावले देवाना."

धुळ्याच्या अलीकडे एका गावात राजकोरबाई नावाची एक बाई असाच बोकड सांभाळून होती. दोघींची ओळख एका लग्नात झालेली. नवरदेव-नवरी बाजूला, ह्या दोघी मांडवामागे बकऱ्यांवर बोलत बसलेल्या. तिलाही तीच अडचण होती. ठरलं, बोकडाच्या बदल्यात बोकड. मला धुळ्याला प्रशिक्षणाला जायचंच होतं, म्हणून एक दिवस आधी मीही त्यांच्या टेम्पोत बसले. जावई मागं उभा, मुंडी बाहेर काढून, दाढी वाऱ्यावर. पारोळ्याच्या नाक्यावर लोक बघून हात करत होते.

राजकोरबाई ठेंगणी, गोल, बोलकी. तिचा बोकड तांबूस, जावयापेक्षा थोडा लहान. अक्कानं त्याचे पाय पाहिले, दात पाहिले, पोटाखालून हात फिरवला, चालवून पाहिला. मग म्हणाली, "ह्यानी माय दखाड, बहीन."

राजकोरबाईचा चेहरा उतरला. माय मागच्या पावसाळ्यात दगावली होती.

अक्कानं बोकडाच्या अंगावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता आम्ही जावयाला घेऊन परत जाणार. राजकोरबाईलाही तेच वाटलं असावं. ती चहा ठेवायला गेली ती परत येईना. अक्कानंच मग आत हाक मारली, "ह्यानी बहीन शे का कोनी?" होती. एक नव्हे, दोन. अक्कानं पदर खोचला, हात धुतले आणि त्या परक्या गोठ्यात बसून दोघींचं दूध स्वतः काढलं. धार मुठीतून पातेल्यात वाजत होती. राजकोरबाई चुलीपासून उठून दाराशी येऊन उभी राहिली. अक्कानं पातेलं तिच्या हातात दिलं. "माय चांगली व्हती तुनी," ती म्हणाली, म्हणजे बोकडाची. आणि दोघी हसल्या.

चहा झाला. दोऱ्या बदलल्या. अक्का राजकोरबाईला सांगत होती आणि मी ऐकत होते: हा लोखंडी बादलीतलं पाणी पीत नाही, घमेल्यात दे. उघडी छत्री दिसली की बिथरतो. उजव्या शिंगाच्या मुळाशी खाजवलं की मान खाली घालतो, तेव्हाच खूर कापून घे. बाभळीच्या शेंगा जास्त देऊ नको, हावरट आहे. दोन दिवस ओरडेल, तिकडे लक्ष देऊ नको. तिसऱ्या दिवशी जेवेल. हे सगळं एका दमात सांगून झालं तेव्हा ती थांबली, आणखी काही राहिलं का ते आठवत. राजकोरबाई म्हणाली, "बहीन, पोर धाडी ऱ्हायनी का जावई?"

टेम्पो निघाला तेव्हा जावई ओरडायला लागला. अक्कानं मागं पाहिलं नाही. मला फाट्यावर उतरायचं होतं. फाट्यावर मी उतरले, तिच्या खिडकीशी गेले. डोळे कोरडे होते, ओठ मात्र घट्ट मिटलेले. मी विचारलं, "वाईट वाटतंय ना?"

"वाटस ना," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "पन राजकोरनी बकऱ्या दखनीस का तू? पाय किती चांगला शेतस. त्यास्ले मना जावईनी पोरं व्हतीन." आणि तिचा चेहरा मोकळा झाला. टेम्पो गेला. मागं तो तांबूस बोकड बावरून उभा होता. गावात पोचेपर्यंत त्याचं नाव पडलं होतं, धाकला जावई.

माझी बदली पुढं पहूरला झाली, लग्न झालं, मुलगी झाली. फोनवर अक्का बोलायची, पण फोनवर तिला बोलता यायचं नाही; समोरच्याचे पाय दिसत नाहीत ना. गेल्या हिवाळ्यात पद्मालयला दर्शनाला गेलो होतो. येताना गाडी मी त्या गावाकडे वळवायला लावली. शाळेचं काम तिनं सोडलं होतं. घरी आबा होते, म्हणाले, मागच्या वावरात आहे.

दुपारचं ऊन होतं. अक्का जमिनीवर बसली होती, आता बरीच वाळलेली, केस पूर्ण पांढरे. पुढ्यात एक कोवळी बकरी, पहिलटकरीण. सकाळी व्यायलेली, आणि करडाला जवळ येऊ देत नव्हती. ते सडाला तोंड लावायला आलं की लाथ मारायची, बाजूला सरकायची. अक्कानं एका हातानं तिचा मागचा पाय धरला होता, दुसऱ्या हातानं करडाचं तोंड सडाशी नेत होती. करडू पडायचं. ती पुन्हा उचलायची. किती वेळ चाललं होतं कोणास ठाऊक. तिच्याजवळ पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

"अक्का," मी हाक मारली.

तिनं वळून पाहिलं आणि चेहरा असा फुलला की मी धावतच पुढं गेले. पण तिनं पाय धरलेला हात न सोडता मानेनं मला थांबवलं.

"माय! तू उनी! पन तठेच उभी ऱ्हाय, ताई. ती तुनाकडे दखस, बिचकी जाई." मग माझ्या मुलीकडे, तिच्या छोट्या बुटांकडे पाहिलं. "पोर चांगली चालस तुनी. आते बठ तठे, बोलू नको. आपला दोन्हीस्ना गोष्टी मंग करसूत."

आम्ही बांधावर बसलो, मी आणि माझी लेक. बकरीनं कान टवकारले, मग सोडले. अक्का बोलत होती, आमच्याशी नाही, तिच्याशी, इतक्या हळू की शब्द कळत नव्हते. करडानं पुन्हा सड शोधला. या वेळी लाथ आली नाही.

"दख," अक्का मान न वळवता म्हणाली, "शेपूट हलनं. दूध उतरनं."

करडाची इवलीशी शेपटी भराभर हलत होती. अक्कानं धरलेला पाय हळूच सोडला, दोन्ही हात मागं घेतले आणि ते मांडीवर ठेवून नुसती बघत बसली.